वाचकांचे प्रश्न : मुलींच्या गटाला शासनमान्यता हवी, पण कोणती आणि कशासाठी?

या अंकासाठी विदर्भाच्या खेड्यांतून आलेली जी पत्रे निवडली आहेत, ती सारी एकाच विषयाभोवतीची आहेत. मुलींना चारचौघांत उभे राहून बोलायला, आपसांत विचार करून ठरवायला आणि ठरवलेले पार पाडायला शिकवणारे गट ठिकठिकाणी चालतात, आणि अशा प्रत्येक गटापुढे केव्हा ना केव्हा सरकारी शिक्क्याचा प्रश्न येतोच. पत्रे संक्षेपाने दिली आहेत. पाठवणाऱ्यांची व गावांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : अकरा ते सतरा वर्षांच्या मुलींचा एक गट आम्ही काही जणी आमच्या गावात चालवतो. रविवारी गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थना मंदिरात बैठक होते. कबड्डी, वाचन, भाषणाचा सराव आणि गावातील एखाद्या अडचणीवर अर्ज लिहिणे असे काम चालते. आता तालुक्याच्या ठिकाणचे एक गृहस्थ सांगतात की, गट ‘शासनमान्य’ करून घेतला नाही तर तो बेकायदा ठरेल, आणि तसे प्रमाणपत्र मिळवून देण्यासाठी ते पैसे मागतात. हे खरे आहे का?
(एक युवती, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : खरे नाही, आणि त्या गृहस्थांना पैसे देऊ नका. संघटना स्थापन करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (ग) ने प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे आणि तो बजावण्यासाठी आधी कोणाची परवानगी काढावी लागत नाही. मुली रविवारी एकत्र जमून कबड्डी खेळतात आणि अर्ज लिहायला शिकतात, एवढ्यासाठी पालकांची संमती आणि जागा देणाऱ्या मंडळाचा होकार पुरेसा आहे.

‘शासनमान्य संस्था’ असे सरसकट प्रमाणपत्र देणारे कार्यालयच कोठे नाही. लोक ज्याला शासनमान्यता म्हणतात, ते निरनिराळ्या खात्यांचे निरनिराळे कागद असतात आणि प्रत्येकाचा उपयोग वेगळा असतो. संस्था म्हणून कायद्याने उभे राहायचे असेल, तर सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदणी होते. महाराष्ट्रात अशा सेवाभावी संस्थेची नोंद महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही करावी लागते, आणि ही दोन्ही कामे जिल्ह्याच्या ठिकाणी सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होतात. म्हणूनच जुन्या संस्थांच्या लेटरहेडवर दोन नोंदणी क्रमांक छापलेले दिसतात, एक ‘महा’ने सुरू होणारा आणि दुसरा ‘एफ’ने. युवकांच्या सरकारी उपक्रमांत भाग घ्यायचा असेल, तर नोंदणीपेक्षा संलग्नता उपयोगी पडते. १९७२ साली सुरू झालेल्या नेहरू युवा केंद्रांशी खेड्यांतील युवक मंडळे आणि युवती मंडळे याच रीतीने जोडली गेली, आणि ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘मेरा युवा भारत’ हे व्यासपीठ सुरू झाल्यापासून हे काम बरेचसे त्या नावाने चालते. तिसरा प्रकार असा की, एखादी देशव्यापी संघटना सरकारने आधीच मान्य केलेली असते आणि तिचे पथक आपल्या गावात रीतसर उघडले की त्या मान्यतेच्या छत्राखाली आपण येतो. गाईड चळवळ ही अशी आहे. तिच्याविषयी पुढे एका शिक्षिकेच्या प्रश्नाच्या निमित्ताने लिहिले आहे.

माझे मत विचाराल, तर आपल्या गटाने नोंदणीची घाई करू नये. तिला किमान सात सज्ञान व्यक्ती लागतात, घटना व नियमावली लिहावी लागते, कार्यालयाच्या पत्त्यासाठी घरमालकाचे ना-हरकतपत्र जोडावे लागते, आणि हे एकदा करून भागत नाही. दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करून तो तपासून घ्यायचा, सर्वसाधारण सभा बोलवायची, आणि कार्यकारिणीत एक नाव जरी बदलले तरी ९० दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करायचा. युवतींच्या संस्थांचे घोडे इथेच पेंड खाते. लग्न होऊन सचिव सासरी जाते, बदल अर्ज राहून जातो. तिच्या जागी आलेलीही पुढच्या उन्हाळ्यात जाते, तोही अर्ज राहतो. आणि काही वर्षांनी कागदावरची कार्यकारिणी तीन जिल्ह्यांत विखुरलेली असते, तर गावात प्रत्यक्ष काम करणाऱ्या मुलींची नावे दप्तरी कोठेच नसतात. मग नवा बदल मंजूर करून घ्यायचा, तर मागचे सारे बदल ओळीने निस्तरावे लागतात आणि त्यासाठी वकिलाची पायरी चढावी लागते.

पैसा येऊ लागला की मात्र नोंदणी टाळू नये. संस्थेच्या नावाने बँकेत खाते उघडायचे तर नोंदणी प्रमाणपत्र आणि संस्थेचे पॅन लागते, आणि देणगी एखाद्या ताईच्या स्वतःच्या खात्यात जमा होत राहिली, तर ती कितीही प्रामाणिक असली तरी गावात कुजबुज सुरू होते. तोवर पंधरा ते एकोणतीस या वयाच्या मुलींचे युवती मंडळ संलग्न करून घ्यावे आणि त्याहून लहान मुलींसाठी गाईडचे पथक काढता येते का, ते पाहावे. पुढे नोंदणी करालच तेव्हा अर्ज स्वतः भरा. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो, आणि ग्रामपंचायतीला अर्ज लिहिण्याचा सराव असलेल्या मुलींना तो जड जाऊ नये. मध्यस्थ याहून वेगळे काही करत नाही. वर संस्थापकांच्या सात सह्यांत स्वतःची आणि मेहुण्याची सही मात्र घुसवून ठेवतो, आणि ती पुढे काढता काढता नाकी नऊ येतात.

प्रश्न : मी अकरावीत शिकते. आमच्या मुलींच्या मंचाची अध्यक्ष म्हणून सगळ्या मुलींनी चिठ्ठ्या टाकून मला निवडले. आता मंचाची संस्था नोंदवायचे ठरले, तेव्हा कागदावर अध्यक्ष म्हणून गावातल्या एका काकांचे नाव लिहिले गेले. माझे वय कमी आहे म्हणून माझे नाव चालत नाही, असे सांगितले. मग मी नेमकी कशाची अध्यक्ष आहे?
(एक विद्यार्थिनी, चिखली तालुका, जि. बुलढाणा)

उत्तर : या अंकातल्या सर्व पत्रांत तुझा प्रश्न सर्वांत अवघड आहे, म्हणून त्याला जरा जास्त जागा देतो.

वयाबद्दल तुला सांगितले ते बरोबर आहे. भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ प्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर माणूस सज्ञान होतो, आणि त्याआधी केलेला करार कायद्याने टिकत नाही. नोंदणीकृत संस्थेचे पदाधिकारी पैशाला, मालमत्तेला आणि उद्या वाद झाला तर कोर्टकचेरीलाही उत्तरदायी असतात. ते ओझे कायदा तुझ्यावर टाकत नाही, यात तुझे हितच आहे. पण तुझे नाव चालत नाही यावरून काकांचेच नाव चालले पाहिजे, असे मुळीच निघत नाही. गावात अठरा वर्षांवरच्या मुली आणि बाया आहेत. याच मंचातून पुढे गेलेल्या, आता महाविद्यालयात जाणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्या तुमच्याच ताया आहेत. मुलींच्या संस्थेची कार्यकारिणी त्यांची असावी, आणि काकांना इतकीच तळमळ असेल तर त्यांनी सल्लागार व्हावे.

आता तुझ्या पदाचे. नोंदणी करताना जी नियमावली दाखल होते, ती संस्थेचे सभासदच लिहितात आणि एकदा दाखल झाली की कार्यकारिणीला ती बांधून ठेवते. त्यात सज्ञान सभासदांखेरीज ‘किशोरी सभासद’ असा वर्ग ठेवता येतो. त्यांना सर्वसाधारण सभेत मत नसले, तरी त्यांची स्वतःची निवडून आलेली समिती असू शकते. मसुदा काहीसा असा लिहिता येईल : ‘दहा ते अठरा वयाच्या किशोरी सभासद दरवर्षी गुप्त मतदानाने आपली समिती व तिची अध्यक्ष निवडतील. वर्षभराच्या कार्यक्रमांची आखणी, शिबिराची जागा आणि मंजूर अंदाजपत्रकातील खर्चाचा प्राधान्यक्रम ही समिती ठरवील. समितीचा निर्णय कार्यकारिणीस मान्य नसल्यास, कार्यकारिणी पंधरा दिवसांच्या आत लेखी कारणे देऊन तो फेरविचारासाठी परत पाठवील.’

यातले शेवटचे वाक्य कोणी गाळायला सांगितले तर गाळू देऊ नका. मुलींचे निर्णय कोणी उघड फेटाळत नाही. ‘पुढच्या वेळी बघू गं’ म्हणून ते बाजूला ठेवले जातात. कारण कागदावर लिहून सही करायची वेळ आली, की नुसत्या संकोचापोटी किंवा लोक काय म्हणतील या धाकापोटी नाही म्हणणाऱ्यांची लेखणी अडते. त्याच्याच जोडीला, कार्यकारिणीत निदान दोन जागा पूर्वी किशोरी सभासद असलेल्या अठरा ते पंचवीस वयाच्या युवतींसाठी राखाव्यात, असेही एक कलम घाला.

इतिवृत्ताची वही तुमच्या समितीने स्वतःजवळ ठेवावी. तारीख, हजर असलेल्यांच्या सह्या, विषय, ठराव, सूचक, अनुमोदक, असे रकाने आखून घ्या आणि सूचक म्हणून जिने खरोखर विषय मांडला तिचेच नाव लिहा, मग ती सहावीतली का असेना. अठरा पूर्ण झाल्यावर मतदार यादीत नाव घाल. आता त्यासाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा वर्षातून चार अर्हता तारखा आहेत. यादीत नाव आले की ग्रामसभेत तुला मत मिळते, आणि एकवीस पूर्ण झाल्यावर ग्रामपंचायतीची निवडणूकही लढवता येते.

तू विचारलेस की तू कशाची अध्यक्ष आहेस. मुलींनी निवडलेल्या समितीची, असे याचे उत्तर आहे. पण ती समिती नियमावलीत लिहिलेली असली तरच कार्यकारिणी बदलल्यावरही हे उत्तर टिकेल. म्हणून कागद जिल्ह्याला जाण्याआधी नियमावली सर्व मुलींसमोर मोठ्याने वाचून दाखवावी, अशी मागणी कर.

प्रश्न : आमच्या उच्च प्राथमिक शाळेत गाईडचे पथक आहे, पण ते १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला गणवेश घालून संचलन करण्यापुरतेच उभे राहते. ही सरकारमान्य संघटना आहे असे सांगतात. तिच्यातून मुलींचे नेतृत्व खरोखर घडते का, आणि शाळा सोडलेल्या मुलींना तिच्यात घेता येते का?
(एक शिक्षिका, नागभीड तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर : मान्यता खरी आहे. भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही स्काऊटिंग व गाईडिंगची राष्ट्रीय संघटना म्हणून केंद्र सरकारने मान्य केलेली संस्था आहे, आणि शाळांतील तिची पथके शिक्षण खात्याच्या संमतीनेच चालतात. मात्र ती सरकारी खाते नाही. ती सोसायटी नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेली स्वयंसेवी संस्थाच आहे.

तिचा इतिहास पाहिला तर मान्यता मागाहून आली आणि मुली आधी आल्या, असे दिसते. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मुलांचा मोठा स्काऊट मेळावा भरला, तेव्हा काही मुली कोणी न बोलावताच, आम्हीही स्काऊट आहोत म्हणत तेथे हजर झाल्या. पुढच्याच वर्षी मुलींसाठी गाईड ही स्वतंत्र संघटना निघाली आणि तिची धुरा अ‍ॅग्नेस बेडन-पॉवेल यांनी सांभाळली. भारतातले पहिले गाईड पथक १९११ साली जबलपूरला सुरू झाले. तेव्हाचे जबलपूर ज्या मध्य प्रांतात होते त्याची राजधानी आपले नागपूर होते, एवढे विदर्भातल्या वाचकांनी ध्यानात ठेवायला हरकत नाही. मात्र सुरुवातीची पथके युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलींपुरतीच होती. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी देशातल्या स्काऊट संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स स्थापन झाली, आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड संघटनाही तिच्यात विलीन झाली. गाईड मुलींची जागतिक संघटना १९२८ पासून आहे, आणि तिच्या मोजक्या जागतिक केंद्रांपैकी ‘संगम’ हे केंद्र १९६६ पासून आपल्या पुण्यात आहे.

नेतृत्व घडते का, हे पथक कोण चालवते यावर अवलंबून आहे. गाईडची मूळ रचना संघ पद्धतीची आहे. सहा ते आठ मुलींचा एक संघ असतो, त्याची एक संघनायिका आणि एक उपनायिका असते, आणि संघातल्या प्रत्येक मुलीकडे साहित्य, हिशेब, स्वयंपाक, प्रथमोपचार असे एखादे काम नेमून दिलेले असते. सर्व संघनायिका मिळून जी सभा घेतात, तिला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात. पथकाचा कार्यक्रम, खर्च आणि शिस्तीचे प्रश्न या सभेपुढे येतात, आणि पथकाच्या गाईडरने तेथे मार्गदर्शन करायचे असते, निकाल द्यायचा नसतो. आपल्याकडे बहुतेक शाळांत नेमकी हीच सभा भरत नाही. शिट्टी बाई वाजवतात, संघ बाई पाडतात, तंबू कुठे लावायचा तेही बाईच सांगतात, आणि मुलींच्या वाट्याला स्कार्फ आणि कवायत तेवढी उरते. आपण नव्याने काही मागू नका. महिन्यातून एकदा मधल्या सुट्टीनंतर चार संघनायिकांना एका वर्गात बसवा, त्यांच्या हाती वही द्या आणि आपण मागच्या बाकावर बसा. पहिल्या दोन-तीन सभा गप्प-गप्पच जातील. त्या जाऊ द्याव्यात.

पुढची वाट सोपानांची आहे : प्रवेश, प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. शाळेबाहेरच्या मुलींनाही घेता येते. शाळेशी न जोडलेले मुक्त पथक काढण्याची सोय संघटनेत आहे, आणि गाईडच्या वयापुढच्या मुलींसाठी पंचविसाव्या वर्षापर्यंत रेंजर हा विभाग आहे. त्यासाठी प्रशिक्षण घेतलेली गाईडर लागते आणि दरवर्षी पथकाची नोंदणी फी भरावी लागते. जिल्हा कार्यालयात गाईड विभागाच्या संघटकांना भेटून चौकशी करावी. सातवी-आठवीनंतर घरी बसलेल्या मुलींसाठी धानपट्ट्यात असे मुक्त पथक निघाले, तर ते शाळेच्या पथकाहून अधिक मोलाचे ठरेल, असे मला वाटते.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. आमच्या गावातील किशोरींच्या गटाला ग्रामपंचायत मान्यता देऊ शकते का? त्यांच्यासाठी काही निधी खर्च करता येतो का?
(रिसोड तालुका, जि. वाशीम)

उत्तर : कायद्याच्या अर्थाने संस्थेला मान्यता देणे ग्रामपंचायतीच्या हाती नाही. पण ती ठराव करून गटाच्या कामाची नोंद घेऊ शकते, समाजमंदिर किंवा वाचनालयाची खोली ठरावीक वारी वापरायला देऊ शकते, आणि निधीचे म्हणाल तर तो असतोच. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च केली पाहिजे. लहान गावांत ही रक्कम फार नसते, आणि असते तीही मार्च महिन्यात घाईघाईने भांडी-सतरंज्या घेऊन संपवली जाते. किशोरींच्या गटाने काय हवे ते आधीच लिहून दिले, तर तोच पैसा कबड्डीच्या मॅटला, शौचालयाच्या दुरुस्तीला किंवा वस्तीपासून एसटीच्या थांब्यापर्यंतच्या रस्त्यावरील दिव्यांना लागू शकतो.

वेळ मात्र साधली पाहिजे. गावाचा वार्षिक विकास आराखडा ठरवण्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून सुरू होते, आणि आपल्या भागात तोच सोयाबीन सोंगणीचा काळ. पाठोपाठ कापसाची वेचणी लागते आणि गटातल्या निम्म्या मुली दिवसभर वावरात असतात. म्हणून किशोरींची बैठक सप्टेंबरातच, पोळा झाला की घ्यावी आणि त्यांच्या मागण्यांचा कागद ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे देऊन त्यावर आवक क्रमांक घालून घ्यावा. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि त्या प्रत्येकीच्या आधी महिलांची सभा घेणे बंधनकारक आहे. अठरा वर्षांखालील मुलींना मत नसले, तरी महिला सभेत आपला कागद त्यांनी स्वतः वाचून दाखवावा आणि मग ती सभा तो विषय ग्रामसभेकडे पाठवील, अशी व्यवस्था आपण सदस्य म्हणून सहज करू शकता. बाकी महिला सभा अनेक गावांत रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेण्यापुरती होते, हे आपल्याला मी सांगायला नको.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यापुरती. केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत विदर्भातील गडचिरोली आणि वाशीम हे दोन जिल्हे आहेत, आणि १४ ते १८ वयाच्या किशोरींसाठीची योजना, जी आता सक्षम अंगणवाडी व पोषण २.० मध्ये सामावली आहे, ती अशा जिल्ह्यांसाठी आहे. गावातील किशोरींची यादी अंगणवाडी सेविकेकडे असते. गट बांधताना तिला आधी भेटावे.

प्रश्न : आमची संस्था नोंदलेली आहे. आता शासनाचे अनुदान सुरू होईल का?
(अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया)

उत्तर : नाही. नोंदणीबरोबर अनुदान येत नाही. ते विशिष्ट योजनेखाली अर्ज करून, मंजूर झाल्यासच मिळते. केंद्रीय मंत्रालयाकडे अर्ज करायचा असेल तर नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवरील क्रमांक लागतो, पण तो केवळ ओळख क्रमांक आहे, कामाची पावती नव्हे. कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठी सीएसआर-१ हा नमुना भरलेला असावा लागतो, आणि देणगीदाराला करसवलत हवी असेल तर आयकर खात्याची वेगळी नोंदणी घ्यावी लागते. परदेशी पैशाचा कायदा फार कडक आहे. विदेशी देणगीची नोंदणी मागताना मागील तीन वर्षांत मूळ कार्यावर १५ लाख रुपये खर्च केल्याचे दाखवावे लागते, तेव्हा त्या वाटेला सध्या जाऊ नये. जिल्हा क्रीडा कार्यालयाकडून जाहीर होणाऱ्या जिल्हा युवा पुरस्काराकडे मात्र लक्ष ठेवावे. तो एक युवक, एक युवती आणि एक नोंदणीकृत संस्था यांना दिला जातो, आणि अर्जासोबत कात्रणे, छायाचित्रे व कामाचे पुरावे जोडावे लागत असल्याने ते आतापासून तारीखवार फाइलला लावून ठेवावेत.

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी एका संस्थेच्या नेतृत्व शिबिराला तीन रात्री मुक्कामी जाणार आहे. तिचे वडील म्हणतात की संस्था सरकारमान्य आहे, मग काळजी कसली? मला तरी धीर होत नाही.
(एक आई, काटोल तालुका, जि. नागपूर)

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. नोंदणी क्रमांकावरून संस्थेचे कागद पूर्ण आहेत एवढेच कळते. शिबिरात रात्री मुलींच्या खोलीजवळ कोण असेल, हे त्यावरून कळत नाही. म्हणून मुलीला पाठवू नका असे मी म्हणणार नाही, कारण घराबाहेर काढलेल्या तीन रात्रींत मुली जे शिकतात ते गावातल्या तीस बैठकांत शिकत नाहीत. पण आयोजकांना फोन करून विचारा : मुक्कामाला महिला मार्गदर्शक किती आणि कोण आहेत, मुलींची झोपण्याची व आंघोळीची जागा पुरुषांपासून वेगळी आहे का, प्रवास कोणत्या वाहनाने आणि कोणाच्या सोबतीने आहे, आजारी पडल्यास जवळचा दवाखाना कोणता, आणि मुलीला हवे तेव्हा घरी फोन करू देतील का. चांगली संस्था या प्रश्नांनी चिडत नाही. ती पालकांचे संमतिपत्र स्वतःहून पाठवते आणि त्यावर ही सारी माहिती छापलेली असते.

तक्रारीबाबत कायदा स्पष्ट आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पॉक्सो, याप्रमाणे असा अपराध घडल्याचे ज्याला कळते त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा अपराध दडवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘संस्थेचे नाव खराब होईल, आपसांत मिटवू’ म्हणणारा संस्थाचालक स्वतःच गुन्हा करत असतो. १०९८ हा मदत क्रमांक मुलीला तोंडपाठ करून द्या, आणि शिबिरात काही खटकले तर ते कोणाला सांगायचे, ते तिच्याशी आधीच बोलून ठेवा.

प्रश्न : आमच्या युवती मंडळाच्या लेटरहेडवर तीन सिंहांचे चिन्ह आणि ‘शासनमान्य’ असे छापावे, असे प्रिंटिंगवाले सुचवतात. चालेल का?
(हिंगणघाट तालुका, जि. वर्धा)

उत्तर : चालणार नाही. ती भारताची राजमुद्रा आहे, आणि तिच्या गैरवापराला २००५ च्या कायद्याने मनाई आहे. शासनाचा आश्रय असल्याचा भास होईल असे नाव किंवा चिन्ह वापरण्यावर १९५० च्या बोधचिन्हे व नावांविषयीच्या कायद्याचेही निर्बंध आहेत. मंडळाचे नाव, पत्ता, नोंदणी झाली असल्यास दोन्ही नोंदणी क्रमांक, आणि संलग्नता असल्यास ज्या कार्यालयाशी आहे त्याचे नाव एवढेच छापावे. चिन्ह हवेच असेल तर मंडळातल्या मुलींकडून काढून घ्या. छापून आलेले जुने कागद उरले असतील, तर त्यांच्या पाठकोऱ्या बाजूचा उपयोग हजेरीसाठी करावा, पण पुढच्या बाजूने ते कोणत्याही कार्यालयात देऊ नयेत.